तक्त्याबाहेर फेकलेली ओळ

कांद्याच्या बाजारभावाच्या एका ओळीत कमीत कमी दर होता १,८५० आणि जास्तीत जास्त दर ९५०. वेबपानावरून भाव उतरवून घेणारी माझी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, तिथेच थांबली, कारण असलं काही दिसलं तर पुढे न जाता आधी मला विचारायचं, हे मीच तिला लिहून दिलेलं. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. खाली पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी रिव्हर्स घेताना आरतीची धून वाजवत होती, आणि माझ्यासमोर काळ्या स्क्रीनवर ती एकच ओळ. बाजार समितीचं नाव, तारीख, जात उन्हाळी, आवक इतके क्विंटल, आणि मग हे उलटे आकडे. दोन रकान्यांची अदलाबदल झालीय हे उघड होतं. मोठा आकडा इकडे, लहान तिकडे, एवढं सांगून पुढे जाता आलं असतं. पण मी लॅपटॉप तसाच उघडा ठेवून बसून राहिले. दिवसभराच्या लिलावानंतर कुठल्याशा ऑफिसात ट्यूबलाइटखाली बसलेल्या माणसाच्या हातात एक कागद असणार. यार्डातून आलेल्या त्या कागदावर बहुधा जास्तीचा भाव आधी लिहिलेला होता. माणूस शेवटी ऐकतो तसंच लिहितो, आणि बाजारातून येणारा प्रत्येक जण आधी वरचा भाव सांगतो. ‘आज अठराशे पन्नासपर्यंत गेला’, असंच म्हणतात. खालचा भाव विचारावा लागतो.

सर्वसाधारण दर मात्र बरोबर दोघांच्या मधे होता.

हे सगळं सुरू झालं मामांमुळे. निफाड तालुक्यात त्यांची कांदा साठवायची चाळ आहे. एप्रिल-मेमध्ये काढलेला उन्हाळी कांदा चाळीत भरला की तिथून पुढचे महिने घरात एकच विषय: काढायचा कधी. लवकर काढला तर भाव पडलेला असतो, थांबलं तर घट येते, कोंब फुटतात, काजळी धरते, आणि फार थांबलं तर नवा लाल कांदा बाजारात उतरतो. मामांनी फोनवर विचारलं, “काय गं, तुझ्या त्या कॉम्प्युटरात मागच्या सालांचे भाव सापडतील का? पोळा ते दसरा, दरसाली काय चाललं तेवढं काढून दे.” मी म्हटलं, “मामा, ते सगळं ऑनलाइन असतं, रविवारी पाठवते.” पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा रोजच्या कामातली, चाळीस-पन्नास ओळींचं प्रकरण, त्यात काय एवढं, असं मनात होतं. आमच्या धंद्यात ‘त्यात काय एवढं’ हे वाक्य जेवढा वेळ खातं तेवढं दुसरं काही खात नाही.

पहिली गंमत कोड लिहायच्या आधीच. मामांचं वर्ष पोळा-दसऱ्याचं, बाजारभावाच्या वेबपानावरचं वर्ष तारखांचं. पोळा श्रावणातल्या अमावस्येला. २०२२मध्ये तो ऑगस्टअखेर आला, २०२३मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे थेट सप्टेंबरच्या मध्यावर गेला, २०२४मध्ये परत मागे सरकून सप्टेंबरच्या सुरुवातीला. म्हणजे ‘दरसाली पोळा ते दसरा’ हा मामांच्या दृष्टीने एकच प्रश्न होता आणि स्क्रिप्टच्या दृष्टीने दर वर्षी वेगळा. भिंतीवरच्या दिनदर्शिका आणि फोन यांच्या मदतीने मी त्या तारखांचा एक छोटा तक्ता हाताने टाइप केला. टाइप करताना लक्षात आलं की या सगळ्या कारभारातला आणखी एक टाइप करणारा माणूस आता मी आहे, आणि पुढेमागे कुणी माझी फाइल उघडली तर तोही माझ्या आकड्यांकडे तसाच संशयाने बघणार आहे.

मग पानाचा सोर्स, म्हणजे पडद्याआडचा मूळ मजकूर, उघडला. वरून पान तसं नीटनेटकं दिसायचं, हिरवी पट्टी, काळ्या रेघांचा तक्ता. आत मात्र तक्त्यात तक्ता, त्यात परत तक्ता. सुरू झालेल्या ओळी बंदच केलेल्या नाहीत. तारीख दर ओळीत नाही. ती एका आडव्या पसरलेल्या चौकटीत एकदाच, आणि पुढची तारीख येईपर्यंत खालच्या सगळ्या समित्या तिच्या नावावर. डोळ्यांना हे आपोआप कळतं, स्क्रिप्टला सांगावं लागतं की शेवटची दिसलेली तारीख लक्षात ठेव. जातीच्या रकान्यात कुठे ‘लाल’, कुठे ‘उन्हाळी’, कुठे ‘लोकल’, आणि बऱ्याच ठिकाणी नुसत्या तीन रेघा. आकडे कधी इंग्रजी, कधी मराठी. सुदैवाने पायथॉनला १२३ आणि त्याचा इंग्रजी अवतार सारखाच समजतो, ही एक गोष्ट मला त्या रात्री फार माणुसकीची वाटली. रिकाम्या दिसणाऱ्या चौकटी रिकाम्या नव्हत्या, त्यांत न दिसणारी जागा भरलेली होती. तारखा काही पानांवर दिवस आधी, काही पानांवर महिना आधी, आणि यातला खरा धोका असा की बारा तारखेपर्यंत दोन्ही पद्धती बिनबोभाट खपतात. स्क्रिप्ट तीन एप्रिलचा चार मार्च करून पुढे निघून जाते. तेरा तारीख आली की मगच तेरावा महिना निघतो आणि बिंग फुटतं.

गावांच्या नावांवर तर स्वतंत्र लेख होईल. ‘पिंपळगाव बसवंत’, ‘पिंपळगाव (ब)’, आणि शेवटी एक स्पेस जास्त असलेलं ‘पिंपळगाव बसवंत ’. ‘विंचुर’ ऱ्हस्व आणि ‘विंचूर’ दीर्घ. लासलगावच्या उपबाजारांच्या नावांत डॅशच्या दोन्ही बाजूंना जागा, एका बाजूला जागा, जागाच नाही. त्यात औरंगाबाद आणि उस्मानाबाद एका तारखेला अचानक संपतात आणि छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव जन्माला येतात. माणसाला हे नामांतर आहे हे पेपर वाचून माहीत असतं. स्क्रिप्टला वाटतं दोन बाजार बंद पडले आणि दोन नवे सुरू झाले. मी बसून एक यादी केली, डावीकडे पानावरचं नाव, उजवीकडे मी मानलेलं नाव. ती यादी स्क्रिप्टपेक्षा लांब झाली.

जुन्या वर्षांच्या काही पानांवर तर मराठीच नव्हतं. म्हणजे होतं, पण युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या सामाईक अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमधलं. तो फॉन्ट संगणकावर असेल तर अक्षरं दिसणार, नसेल तर नुसते रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे बुडबुडे. ते बघितल्यावर मला आमच्या गावातलं डीटीपीचं दुकान आठवलं. एसटी स्टँडसमोर, पहिल्या मजल्यावर, लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे फ्लेक्स. तिथे टोनरचा एक कोमट वास असायचा आणि पंख्याखाली कागदांवर पेपरवेट म्हणून देव्हाऱ्यातला वाटावा असा पितळी नाग. दहावीच्या सुट्टीत मी तिथे टायपिंग शिकायला जायचे. दुकानातले काका सांगायचे, “आधी वेलांटी मार, मग अक्षर.” कारण ते फॉन्ट नजरेला दिसतं त्या क्रमाने चालायचे. ‘किलो’ लिहायचं तर आधी वेलांटी, मग क. रफार उलट, अक्षर लिहून झाल्यावर वरून ठेवायचा. युनिकोड ऐकू येतं त्या क्रमाने चालतं, क आधी, वेलांटी नंतर. म्हणून जुन्या पानाचं मराठी करताना नुसतं या चिन्हाऐवजी ते अक्षर असं भागत नाही. प्रत्येक ऱ्हस्व वेलांटीला पुढच्या अक्षरावरून उडी मारायला लावायची, पुढे जोडाक्षर असलं तर अख्ख्या जोडाक्षरावरून. ‘मार्केट’मधला रफार ‘के’च्या मात्रेमागे बसलेला असतो, त्याला तिथून उचलून ‘क’च्या आधी नेऊन बसवायचं. बोटांना ही सवय एका सुट्टीत लागली होती. ती मोडायचा कोड लिहायला त्याहून थोडाच कमी वेळ लागला. शनिवारची संध्याकाळ त्यात गेली, आणि खरं सांगायचं तर मजा आली.

रविवारी मामांचा फोन आला नाही, ते बरंच झालं.

आता तक्त्याबाहेर फेकलेल्या त्या ओळीबद्दल. तक्त्याच्या वर, कशाचाही संबंध नसताना, पानाच्या माथ्यावर एक वाक्य लोंबकळत होतं: ‘लेव्हीच्या वादामुळे लिलाव बंद’. लेव्ही म्हणजे हमाल-मापाऱ्यांच्या मजुरीवर लागणारी रक्कम. कुठल्या समितीचे, कुठल्या दिवशी, काही नाही. पान उघडणाऱ्याला वाटावं की आज बंद आहे, किंवा नेहमीच बंद असतं. मी ते वाक्य दुर्लक्षित केलं होतं. पण सोर्समध्ये ते वर नव्हतंच. ते तक्त्याच्या पोटात, दोन ओळींच्या मधे होतं, आणि त्याच्या वरची तारीख आणि खालची तारीख यांत काही दिवसांची फट होती. टाइप करणाऱ्याने ते अगदी जिथल्या तिथे लिहिलं होतं. फक्त कुठल्या चौकटीत लिहिलं नव्हतं, कारण तक्त्यात ‘आज काही झालं नाही’ याला चौकटच नव्हती.

ते वर कसं गेलं, याचं उत्तर ब्राउझरच्या नियमांत आहे. वेबची पानं पहिल्यापासून अशीच अर्धवट लिहिली गेली, आणि पान मोडकं असलं तरी काहीतरी दाखवायचं, हा ब्राउझरांचा स्वभाव. अनेक वर्षं प्रत्येक ब्राउझर आपापल्या अकलेने डागडुजी करायचा. पुढे एचटीएमएल-फाइव्हच्या, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेच्या नव्या आवृत्तीच्या, वेळी ही डागडुजी कशी करायची तेच नियम म्हणून लिहिलं गेलं. त्यातला एक नियम असा की तक्त्याच्या आत पण चौकटीबाहेर सापडलेला मजकूर उचलायचा आणि तक्त्याच्या आधी नेऊन ठेवायचा. या नियमाचं अधिकृत नाव ‘फॉस्टर पेरेंटिंग’. ज्याला स्वतःचं घर नाही त्याला दुसऱ्याच्या घरी ठेवायचं. हेतू चांगला आहे, मजकूर हरवत नाही. पण तो ज्या दिवसाचा होता तो दिवस मात्र हरवतो. ब्युटिफुल सूप नावाची जी तयार कोडची लायब्ररी आम्ही असल्या कामाला वापरतो, तिला खालून वेगवेगळे पार्सर, म्हणजे पान फोडून वाचणारे प्रोग्रॅम, जोडता येतात, आणि एकच मोडकं पान प्रत्येक जण वेगळं वाचतो. त्यातला एक ब्राउझरसारखा वागतो आणि वाक्य वर फेकतो. पायथॉनसोबत येणारा साधा पार्सर तेवढा हुशार नाही, त्यामुळे तो वाक्य आहे तिथेच राहू देतो. मी तो साधा घेतला.

मग मी सगळ्या पानांवर अशी चौकटीबाहेरची वाक्यं शोधत सुटले. ‘बाजार समितीस सुट्टी’. ‘पावसामुळे आवक कमी’. एका ठिकाणी नुसतंच ‘नाही’. हे काम मामांनी सांगितलेलं नव्हतं, भावाशी त्याचा थेट संबंधही नव्हता. पण आकड्यांच्या ओळी बघून येणारा कंटाळा या वाक्यांनी घालवला. वाक्य नसलेल्या फटीही होत्या. जुन्या वर्षांत, रविवार सोडूनही, साधारण महिन्यातून एकदा, दर वेळी वेगळ्या वारी, एक दिवस गायब. सोमवार, मग बुधवार, मग शुक्रवार. आधी वाटलं सर्व्हर बंद पडत असेल. पुढे सगळ्या गायब तारखा एका ओळीत मांडल्या आणि दिनदर्शिका हातात घेतली, तर प्रत्येक तारखेसमोर काळा गोल. अमावस्येला कांद्याचे लिलाव न करण्याची लासलगावकडे पूर्वी रीत होती, सगळ्यांना ठाऊक असलेली. मला लहानपणापासून माहीत असलेली गोष्ट मला पायथॉनकडून कळली, याची थोडी लाज वाटली. दिवाळीची सलग मोठी फट ओळखता आली. २०२०च्या मार्च-एप्रिलमध्ये ओळी विरळ होत जातात, मग एकेक गाव परत येतं, ते बघताना तेव्हाची ती रस्त्यावरची शांतता अंगावर आली. आणि २०२३.

२०२३च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं आणि नाशिक जिल्ह्यात लिलाव ठप्प झाले. ते सुरळीत होतात न होतात तोच २० सप्टेंबरपासून व्यापाऱ्यांचा बंद, तो ऑक्टोबर उजाडेपर्यंत चालला. म्हणजे मामांनी मागितलेल्या पोळा-ते-दसरा या तुकड्याच्या ऐन मधोमध भोक. ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, ती मे २०२४मध्ये उठली तीही टनाला ५५० डॉलरचा किमान दर आणि शुल्क ठेवून. हे सगळं पेपरात येऊन गेलेलं आहे. पण तक्त्यात शुल्क, बंदी, बैठक असलं काहीच नसतं. तिथे फक्त तारखांची उडी दिसते आणि उडीनंतरचा भाव.

या भोकावरून माझं ऑफिसातल्या एका मित्राशी वाजलं. मी जेवणाच्या सुट्टीत त्याला आलेख दाखवत होते. आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरने बंदच्या आधीचा शेवटचा ठिपका आणि ऑक्टोबरचा ठिपका सरळ रेघेने जोडून टाकला होता, जणू मधल्या काळात रोज लिलाव चालू होते आणि भाव शिस्तीत सरकत होता. मी ती रेघ तोडून मधे जागा मोकळी ठेवली होती. तो म्हणाला, तुटकी रेघ वाईट दिसते, जोड की. मी म्हटलं, ती तुटलेलीच होती. मग त्याची नजर कमीत कमी दराच्या रकान्यावर गेली. एका ओळीत शंभर रुपये क्विंटल. “हे आउटलायर आहेत गं, उडव. टाइप करताना शून्य राहिलं असणार.” त्याचं चुकत नव्हतं, एरवी आम्ही दोघं दिवसभर हेच करतो, सरासरीपासून फार लांब गेलेला आकडा संशयित धरतो. पण शंभर रुपये क्विंटल म्हणजे किलोला एक रुपया, आणि हा भाव मिळालेला आहे. फेब्रुवारी २०२३मध्ये सोलापूरच्या बाजारात बार्शी तालुक्यातला एक शेतकरी ५१२ किलो कांदा घेऊन गेला, त्याला किलोला रुपया मिळाला, हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा झालं आणि हातात दोन रुपयांचा चेक आला. तोही पुढच्या तारखेचा. त्या चेकचा फोटो तेव्हा सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला होता, या मित्राच्याही. फोटो म्हणून तो खरा होता आणि रकान्यातला आकडा म्हणून तो टायपिंगची चूक ठरत होता.

चाळीतला कांदा निवडायला मी पूर्वी मामीबरोबर बसलेली आहे. बाहेरून सगळे सारखे, तांबूस, कोरडे, सालपटं वाऱ्याने उडतायत आणि नाकात तो गोडसर, जरा कुबट वास. मामी बघत नाही. ती कांदा हातात घेते आणि अंगठ्याने मानेपाशी दाबते, मऊ लागला की डावीकडे. पण डावीकडचाही एक ढीगच असतो, तो उकिरड्यावर जात नाही लगेच. त्यातला अर्धा घरात येतो, बराचसा गुरांपुढे, आणि किती निघाला यावरून मामी सांगते की ही चाळ आणखी किती दिवस थांबेल. त्यामुळे त्या रात्री घरी आल्यावर मी फाइलमध्ये एक रकाना वाढवला, ‘शेरा’. उलट्या दरांची ओळ सरळ केली, पण मूळ आकडे शेऱ्यात तसेच ठेवले. शंभर रुपयांच्या ओळी राहू दिल्या आणि पुढे लिहिलं, ‘संशयास्पद, पण शक्य’. चौकटीबाहेरची सगळी वाक्यं आपापल्या तारखेला नेऊन बसवली. फाइल त्यामुळे कुरूप झाली. ऑफिसात अशी फाइल मी कुणाला दिली असती तर परत आली असती.

एक गोष्ट सांगायची राहिली. पानं मागताना स्क्रिप्टला दर पानानंतर काही सेकंद थांबायला लावलं होतं, आणि काम रात्रीचं ठेवलं होतं. अशा यंत्रांनी सर्व्हरना जेरीला आणायला सुरुवात केली तेव्हा १९९४ साली मार्टाइन कोस्टरने एक साधी पद्धत सुचवली: संकेतस्थळाने एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवायचं की यंत्रांनी कुठे यावं आणि कुठे येऊ नये. ती फाइल कुणाला अडवू शकत नाही, दारावरच्या पाटीपेक्षा तिला जास्त ताकद नाही. पण वाचावी. सरकारच्या ओपन डेटा संकेतस्थळावर अ‍ॅगमार्कनेटचे, म्हणजे देशभरच्या बाजार समित्यांचे भाव गोळा करणाऱ्या सरकारी यंत्रणेचे, भाव यंत्राला वाचता येतील असे स्वच्छ मिळतात, हे मला माहीत आहे, आणि त्याबद्दल कुणीतरी कमेंटमध्ये सांगेलच. मला मामा रोज संध्याकाळी मोबाइलवर जे पान बघतात तेच हवं होतं. त्यांचा विश्वास त्या पानावर आहे. आणि स्वच्छ फाइलमध्ये ‘नाही’ असं एकट्याने लिहिलेलं वाक्य मला कुठे मिळालं असतं?

शेवटी मी गावी गेले तेव्हा छापील कागद घेऊन गेले, कारण मामांना मोबाइलवर आलेख बोटांनी मोठा करायला आवडत नाही. ओट्यावर बसून त्यांनी चष्मा लावला. रंगीत रेघांवरून त्यांचं बोट सरकत गेलं, २०२३च्या तुटलेल्या जागेवर थांबलं आणि ते म्हणाले, “हां, तेव्हा ट्रॉली भरून दारात उभी होती.” किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुढे म्हणाले, “सर्वसाधारण ठीक आहे. पण गोल्टी कितीनं गेली, ते कुठंय यात?” गोल्टी म्हणजे बारीक कांदा. यंदा त्यांच्या चाळीत तीच जास्त होती. तो भाव वेगळा नसतो, तो बहुतेक कमीत कमी दराच्या पोटात असतो, असं मी सांगितलं. “मग त्या कमीत कमीमध्ये गोल्टी किती आणि भिजका माल किती?” याला पानावर उत्तर नव्हतं, सोर्समध्येही नव्हतं. लिलावात ट्रॉलीवर चढलेला व्यापारी खालून कांदा उपसून बघतो, मुठीत दाबतो, मागे उभा असलेला माणूस भाव पुकारतो आणि काही सेकंदांत एक आकडा होतो. त्या आकड्याच्या आधीचं कुणीच टाइप करत नाही. मला थोडं हिरमुसल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी मामांनी कागदावरची नेमकी कच्ची जागा धरली याचं कौतुकही वाटलं. ऑफिसातल्या मित्राने शंभर रुपयांवर बोट ठेवलं होतं, मामांनीही त्याच रकान्यावर ठेवलं. फक्त एकाला तो रकाना काढून टाकायचा होता आणि दुसऱ्याला तो आणखी उघडून हवा होता.

कांदा कधी काढायचा ते कागदावरून ठरलं नाहीच. ते मामीच्या अंगठ्याने ठरवलं, डावीकडचा ढीग वाढायला लागल्यावर. मामांनी कागद घडी करून पंचांगाच्या मागे खोचला आणि निघताना मला म्हणाले, मक्याचं पण असंच काढून दे. मक्याचं पान मी काल उघडलं. मधल्या काळात कुणीतरी संकेतस्थळाचं रूप पालटलंय, रकाने पुढे-मागे झालेत, तारीख आता दर ओळीत आलीय, जे चांगलंच झालं. पण चौकटीबाहेर काही लिहायची सोयच उरलेली नाही, भाव नसला की आपोआप शून्य पडतं. त्यामुळे सध्या मी शून्यांची यादी करत बसले आहे: यातली कुठली सुट्टी, कुठला पाऊस, आणि कुठला मका आलाच नाही तो दिवस. निफाड-येवल्याकडचं कुणी वाचत असेल आणि बंदचे दिवस घरच्या वहीत लिहून ठेवत असेल, तर ती वही मला एकदा बघायची आहे.